घाटरस्त्यावर चालणाऱ्या लहान पेट्रोल इंजिनासाठी कॅमशाफ्ट कसा निवडावा

चिपळूणहून कराडकडे निघाल्यावर पोफळी मागे पडली की कुंभार्ली घाट सुरू होतो, आणि तिथून पुढचा अर्धा तास इंजिनाची खरी परीक्षा असते. सपाट रस्त्यावर ज्या कॅमशाफ्टने, म्हणजे इंजिनाच्या झडपा (व्हॉल्व्ह) उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या दांड्याने (थोडक्यात कॅम), गाडी पळते, तोच कॅमशाफ्ट या चढावर गाडीचा दम काढू शकतो. कोकणात गाडीचा कॅम बदलण्याचा विचार करणाऱ्याने म्हणूनच कॅटलॉग उघडण्याआधी आपला रस्ता मोजावा, असे माझे ठाम मत आहे. हे मत मी चुकीचा कॅम बसवून, एक संपूर्ण आंब्याचा हंगाम त्याच्यासह काढून आणि शेवटी तो उतरवून कमावलेले आहे.

या लेखात उदाहरणासाठी मी मारुती जिप्सीचे 1298 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन घेतले आहे, कारण रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत बागायतदारांच्या घरी ही गाडी आजही दिसते आणि तिच्या कॅमबद्दल विचारणाही बरीच होते. जिप्सी 1985 मध्ये 970 सीसीच्या इंजिनासह आली, 1996 मध्ये तिला 1298 सीसीचे इंजिन मिळाले आणि 2000 मध्ये त्यावर सोळा व्हॉल्व्हचे हेड व इंजेक्शन आले. निवडीची रीत मात्र कोणत्याही लहान पेट्रोल इंजिनाला लागू पडते.

आधी रस्ता मोजा

पहिले काम असे की गाडीला आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, दाखवणारा मीटर नसेल तर तात्पुरता लावून घ्यावा आणि नेहमीच्या ओझ्यासह नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारावी. शेजारी बसलेल्याने चढावर, वळणावर आणि सपाटीवर इंजिन किती आरपीएमवर फिरते याची नोंद वहीत करावी. मीटर मिळत नसेल तर हिशेबाने आकडा काढता येतो. ताशी वेगाचे मीटर प्रति मिनिट करावेत, त्याला टायरच्या घेराने भागावे आणि आलेल्या आकड्याला गिअरच्या व डिफरन्शियलच्या गुणोत्तराने गुणावे. टायरचा घेर 2.1 मीटर, दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर 2 आणि डिफरन्शियलचे 4 धरले, तर ताशी 30 किलोमीटरला म्हणजे मिनिटाला 500 मीटरला चाक सुमारे 238 वेळा फिरते आणि इंजिन सुमारे 1900 आरपीएमवर असते. टायर मूळ मापापेक्षा मोठे बसवले असतील, आणि कोकणातल्या बहुतेक हौशी गाड्यांना ते असतातच, तर घेर सुतळीने प्रत्यक्ष मोजावा. मोठा टायर त्याच वेगाला इंजिन आणखी हळू फिरवतो, म्हणजे कॅमची गरज आणखी खाली सरकते.

ही वही भरली की बहुतेकांना धक्का बसतो. आपले इंजिन 5000 वर गर्जना करते अशी आपली समजूत असते, पण कशेडी, परशुराम, कुंभार्ली किंवा आंबोली यांपैकी कोणत्याही घाटात भरलेली गाडी बहुतांश वेळ 1800 ते 3500 च्या दरम्यान असते, कारण वळणेच त्याहून जास्त वेग देत नाहीत. आपल्याला कॅम निवडायचा आहे तो या पट्ट्यासाठी.

कॅटलॉगमधला आकडा आणि कॅटलॉगमध्ये न दिसणारा आकडा

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक, म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा, दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. कॅमच्या लोबचा, म्हणजे त्यावरच्या अंडाकृती फुगवट्याचा, उंचवटा व्हॉल्व्ह किती उघडतो ती लिफ्ट, आणि क्रँकच्या किती अंशांपर्यंत तो उघडा राहतो ते ड्युरेशन. विक्रेते हे दोनच आकडे मोठ्या अक्षरात छापतात आणि ग्राहकही त्यांनाच भुलतो. मात्र घाटात गाडी ओढेल की नाही, हे प्रामुख्याने तिसऱ्याच आकड्यावर ठरते: पिस्टन तळाला पोचून पुन्हा वर निघाल्यानंतर किती अंशांनी इनटेक व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी झडप) बंद होतो, हा तो आकडा.

याचे कारण नीट समजून घ्यावे. पिस्टन वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह काही काळ उघडाच असतो. इंजिन वेगाने फिरत असेल तर आत शिरणाऱ्या हवेला इतकी गती असते की पिस्टन वर येत असतानाही ती आत येतच राहते आणि सिलिंडर अधिक भरतो. वेग कमी असेल तर हवेला ती गती नसते, आणि मग वर येणारा पिस्टन नुकतेच आत घेतलेले मिश्रण पुन्हा मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे ते आणणाऱ्या नळ्यांत, ढकलून देतो. व्हॉल्व्ह बंद झाल्यावरच खरे कॉम्प्रेशन सुरू होते, त्यामुळे तो जितका उशिरा बंद होईल तितका पिस्टनचा कामी येणारा स्ट्रोक, म्हणजे वर जाण्याचा प्रवास, आखूड होतो.

आकडे घेऊन पाहू. बोअर (सिलिंडरचा व्यास) 74 मिलिमीटर, स्ट्रोक 75.5 मिलिमीटर, कनेक्टिंग रॉडची लांबी 120 मिलिमीटर आणि कागदावरचे कॉम्प्रेशन 9 ला 1 असे धरू. इनटेकचा मध्यबिंदू, म्हणजे तो सर्वांत जास्त उघडतो ती जागा, पिस्टनच्या वरच्या टोकानंतर 106 अंशांवर असलेले तीन कॅम समोर ठेवू. पहिल्याचे ड्युरेशन 240 अंश आहे, त्याचा इनटेक तळानंतर 46 अंशांनी बंद होतो. दुसऱ्याचे 268, तो 60 अंशांनी बंद होतो. तिसऱ्याचे 292, तो 72 अंशांनी बंद होतो. ड्युरेशनचा अर्धा घ्यावा, त्यात मध्यबिंदूचा आकडा मिळवावा आणि 180 वजा करावेत, इतकाच हा हिशेब आहे. पहिल्या कॅममध्ये 75.5 पैकी सुमारे 67 मिलिमीटर स्ट्रोक दाबायला मिळतो, दुसऱ्यात सुमारे 61 आणि तिसऱ्यात जेमतेम 55. त्यामुळे कागदावर 9 असलेले कॉम्प्रेशन कमी वेगाला पहिल्या कॅमसह सुमारे 8.1, दुसऱ्यासह 7.5 आणि तिसऱ्यासह 6.8 इतकेच उरते. पंपावरच्या साध्या पेट्रोलवर ओझे वाहणाऱ्या गाडीसाठी हा आकडा साडेसात ते आठच्या आसपास असावा. 6.8 म्हणजे इंजिनाने पोटभर श्वास घ्यायचा आणि त्यातला बराचसा सोडून द्यायचा.

माझ्या जिप्सीत मी तो तिसरा, 292 अंशांचा कॅम बसवला होता. बहादूरशेख नाक्यावर रिकामी गाडी 4000 च्या पुढे अशी काही उसळली की मला स्वर्ग दोन बोटे उरला. मग एप्रिलच्या शेवटी मागे पेट्या भरून घाट चढायला घेतला. दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबूनही गाडी 2500 च्या वर जाईना, पहिल्यात टाकली की इंजिन ओरडे आणि दुसऱ्यात टाकली की मरू लागे. वरच्या वळणांपर्यंत तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेट उघडून अर्धा तास कठड्याशी उभे राहावे लागले. आमच्या मिस्त्रीकाकांनी परतल्यावर नुसता आवाज ऐकला आणि म्हणाले, "हिचा खालचा दम गेला." मूळ इंजिनात कॉम्प्रेशन गेजवर जो दाब येत असे, त्यापेक्षा तो चारही सिलिंडरमध्ये सारखाच कमी आला, म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह यांचा दोष नव्हता, इनटेक उशिरा बंद होत होता. पुढे मी 252 अंशांचा कॅम घेतला, त्याचा इनटेक तळानंतर 52 अंशांनी बंद होतो, आणि तो आजही गाडीत आहे.

यातून निघणारी रीत सोपी आहे. वहीतला आपला पट्टा 1800 ते 3500 असेल तर 1300 सीसीच्या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनाला मूळ कॅमपेक्षा दहा-बारा अंश मोठा कॅम पुष्कळ झाला. दोन कॅममध्ये निवड होत नसेल तर लहान घ्यावा. वरच्या आरपीएमला थोडी ताकद कमी पडली तर ती जाणवतही नाही, खालची गेलेली मात्र प्रत्येक वळणावर जाणवते. मोठा कॅम घ्यायचाच असेल तर आधी हेड घासून किंवा पिस्टन बदलून कॉम्प्रेशन वाढवावे आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर बदलावे, म्हणजे खर्च तिप्पट होतो हे मनाशी धरूनच उतरावे. सोळा व्हॉल्व्हच्या हेडला हवा जायला जागाच जास्त असते, त्यामुळे त्याला आणखी कमी ड्युरेशन चालते.

ओव्हरलॅप, व्हॅक्यूम आणि ब्रेक

एक्झॉस्ट, म्हणजे जळलेला धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, बंद होण्याआधीच इनटेक उघडतो, आणि दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याच्या या काळाला ओव्हरलॅप म्हणतात. तो काढण्यासाठी इनटेक आणि एक्झॉस्टच्या ड्युरेशनची बेरीज करून चारने भागावे, त्यातून दोन लोबांमधला (दोघांच्या सर्वोच्च बिंदूंमधला) कोन वजा करावा आणि उरलेल्याची दुप्पट करावी. लोबांमधला कोन 110 अंश असेल तर 240 च्या कॅमला 20 अंश, 268 च्या कॅमला 48 आणि 292 च्या कॅमला 72 अंश ओव्हरलॅप येतो. कोन 110 वरून 106 केला की ड्युरेशन तेच ठेवूनही ओव्हरलॅप 8 अंशांनी वाढतो. आयडलला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत स्लोवर, हा ओव्हरलॅप जळलेला धूर इनटेकमध्ये परत येऊ देतो. त्यातूनच तो गडगडणारा आवाज निघतो, ज्याच्यासाठी पुष्कळ तरुण मोठा कॅम मागतात.

त्या आवाजाची किंमत व्हॅक्यूम गेजवर, म्हणजे मॅनिफोल्डमधली निर्वात ओढ मोजणाऱ्या मीटरवर, दिसते. समुद्रसपाटीला शाबूत इंजिन स्लोवर साधारण 17 ते 20 इंच पारा दाखवते आणि काटा स्थिर असतो. माझ्या इंजिनात 292 च्या कॅमसह तो 11 वर आला होता आणि जागेवर थरथरत होता. ब्रेकच्या पेडलला जोर देणारा बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये असेल आणि पाय उचललेला असेल तर व्हॅक्यूम भरपूर मिळतो, त्यामुळे धोका लक्षात येत नाही. पावसाळ्यात दरड आल्यावर वाहनांची रांग इंचाइंचाने सरकते, इंजिन स्लोवर असते आणि आपण दर मिनिटाला ब्रेक दाबत असतो. अशा वेळी तिसऱ्या-चौथ्या दाबाला पेडल दगडासारखे होते. मी ते अनुभवले आहे, म्हणून सांगतो की स्लोवर 15 इंचांपेक्षा कमी व्हॅक्यूम देणारा कॅम घाटात चालणाऱ्या गाडीला बसवू नये. वर चढताना हवेचा दाबही घटतो, हे धरून चालावे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंच आहे, तिथे खालच्यापेक्षा सुमारे दोन इंच व्हॅक्यूम आपोआप कमी मिळतो.

इंजेक्शनच्या गाडीत आणखी एक गुंता होतो. जिथे संगणक मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल ठरवतो, तिथे कमी व्हॅक्यूम म्हणजे इंजिनावर ओझे आहे असा त्याचा समज होतो आणि तो स्लोवरही जादा पेट्रोल सोडतो. म्हणून अशा गाडीला लोबांमधला कोन 112 किंवा अधिक असलेलाच कॅम घ्यावा. ओव्हरलॅपमुळे न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाते आणि पीयूसीच्या यंत्रावर हायड्रोकार्बनचा आकडा चढतो, हेही विसरू नये. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत. सौम्य कॅम निवडण्याचे हेही एक कारण समजावे.

अमेरिकी आकडे जसेच्या तसे घेऊ नका

कॅमविषयीचे बहुतेक लेखन अमेरिकी स्मॉल-ब्लॉक व्ही-8 इंजिनांवर झाले आहे. शेव्हरोलेचे असे पहिले इंजिन 1955 मध्ये 265 घन इंचांचे आले, आणि पुढे प्रसिद्ध झालेले 350 घन इंचांचे इंजिन म्हणजे 5.7 लिटर. त्याचा एक सिलिंडर सुमारे 717 सीसीचा, आपल्या जिप्सीचा जेमतेम 325 सीसीचा. मोठ्या इंजिनात मोठा कॅमही शांत वाटतो, कारण मुळातच कमी आरपीएमला हाताशी भरपूर टॉर्क असतो. आपल्याकडे थोडासा टॉर्क गेला तरी उरते काय, हा प्रश्न पडतो. म्हणून तिथे 268 अंशांना सौम्य म्हटलेले वाचून आपण तोच आकडा मागवू नये.

मोजण्याची पद्धतही वेगळी असते. जाहिरातीतले ड्युरेशन कोण किती लिफ्टवर मोजतो याला धरबंध नसतो, म्हणून अमेरिकी कंपन्या टॅपेट (लोबवर टेकणारा भाग) 0.050 इंच, म्हणजे 1.27 मिलिमीटर उचलला गेल्यापासूनचा आकडाही देतात, तर इतरत्र बऱ्याचदा 1 मिलिमीटरवर मोजतात. दोन वेगळ्या कंपन्यांचे कॅम ताडून पाहताना दोन्हींचे ड्युरेशन एकाच लिफ्टवर मोजलेले आहे याची खात्री करावी. विक्रेता ते सांगू शकत नसेल तर त्याच्याकडून कॅम घेऊ नये.

लिफ्ट आणि स्प्रिंग

ड्युरेशनपेक्षा लिफ्ट वाढवणे घाटाच्या दृष्टीने शहाणपणाचे आहे, कारण इनटेक वेळेवर बंद होऊनही हवेला जास्त जागा मिळते. त्याला मर्यादा दोन आहेत. पूर्ण लिफ्टवर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत, सुमारे दीड मिलिमीटर मोकळीक उरली पाहिजे, आणि स्प्रिंगवरची वाटी व्हॉल्व्ह गाईडच्या सीलवर आपटता कामा नये. दीड मिलिमीटर जाडीची पट्टी घेऊन हे हेड बाकावर असतानाच तपासता येते. वीस वर्षे चाललेल्या स्प्रिंगवर नवा कॅम चढवू नये, कारण दमलेल्या स्प्रिंगमुळे वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह लोबची साथ सोडतो.

नवा की घासून घेतलेला

आपल्याकडे जुना कॅम घासून नवा आकार देण्याची पद्धत स्वस्त पडते, पण त्यात लोबचा खालचा गोल भाग घासून लहान करावा लागतो, तरच वरचा उंचवटा तुलनेने मोठा ठरतो. असे केल्याने रॉकरचा, म्हणजे लोबचा दाब व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांडीचा, कोन बदलतो आणि ओतीव लोखंडाचा कडक केलेला थर पातळ होतो. एका वर्कशॉपमधून घासून आणलेल्या माझ्या एका कॅमचा दुसरा एक्झॉस्ट लोब काही महिन्यांतच झिजला. झाकण उघडले तेव्हा लोबचे नाक चमकदार राहिलेले नव्हते, त्यावर नखाला जाणवतील असे आडवे ओरखडे होते, आणि रॉकरच्या पॅडवर त्याच मापाचा खड्डा पडला होता. घासून घ्यायचाच असेल तर खालच्या गोलाचा व्यास आधी आणि नंतर मायक्रोमीटरने मोजून कागदावर लिहून मागावा.

कोकणासाठी एक खास सूचना आहे. कॅम मे महिन्यात मागवून गणपतीनंतर बसवू, असा बेत करू नका. खाऱ्या, दमट हवेत पॅकिंगमधला कॅमही पावसाळाभरात तांबूस ठिपके धरतो, आणि लोबच्या चालत्या पृष्ठभागावर एक ठिपका असला तरी तिथून झीज सुरू होते. आल्या दिवशी पाकीट उघडून बोटाने प्रत्येक लोब पाहावा, जाड तेल लावावे, प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळावे आणि कॅम उभा टांगून ठेवावा.

बसवताना

टायमिंगच्या खुणा जुळल्या म्हणजे कॅम बरोबर बसला, असे गृहीत धरू नये. क्रँक पुलीवर अंशांची तबकडी लावावी, स्पार्क प्लगच्या भोकातून पिस्टन अडवणारा खिळा बसवून दोन्ही बाजूंनी क्रँक हाताने फिरवावा आणि दोन थांब्यांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टीडीसी (पिस्टनचे सर्वांत वरचे टोक) धरावा. मग पहिल्या सिलिंडरच्या इनटेक व्हॉल्व्हच्या वाटीवर डायल गेज लावावा, सर्वोच्च लिफ्टच्या अर्धा मिलिमीटर आधीचा आणि अर्धा मिलिमीटर नंतरचा अंश वाचावा आणि सरासरी काढावी. समजा 78 आणि 138 आले, तर मध्य 108. कॅमसोबतच्या पत्रकावर 106 लिहिले असेल तर आपला कॅम दोन अंश मागे आहे. मागे असलेला कॅम इनटेक उशिरा बंद करतो, म्हणजे पुन्हा तेच दुखणे. सरकवता येणारी पुली असेल तर तो पुढे आणावा, पण कॅमचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन अंश हे भान ठेवावे. घाटासाठी मी स्वतः पत्रकापेक्षा दोन अंश पुढेच ठेवतो.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातले अंतर तपासल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. मुलांची मळायची माती पिस्टनच्या माथ्यावर थापावी, तिला थोडे तेल लावावे, त्याच जाडीचे जुने गॅस्केट घालून हेड आवळावे, टायमिंग जोडावे आणि क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे हळू फिरवावा. कुठेही अडखळले तर जोर लावू नये. हेड काढून मातीवरचा ठसा ब्लेडने कापावा आणि सर्वांत पातळ जागा मोजावी. इनटेकला किमान 2 आणि एक्झॉस्टला किमान अडीच मिलिमीटर जाडी उरायला हवी.

नव्या कॅमवर जुने रॉकर चढवू नयेत. पॅड झिजलेले नसले तरी ते जुन्या लोबला सरावलेले असतात. प्रत्येक लोबला आणि पॅडला मॉलिब्डेनमचे वंगण चोळावे, जस्ताचे मिश्रण असलेले तेल भरावे, आणि कार्बोरेटर, टायमिंग व पाणी यांची तयारी आधीच अशी करावी की पहिल्या स्टार्टरला इंजिन चालू होईल. चालू होताच ते स्लोवर रेंगाळू न देता 2000 ते 2500 च्या दरम्यान वीसेक मिनिटे फिरवत ठेवावे, कारण स्लोवर तेलाचे तुषार कमी उडतात आणि स्प्रिंगचा पूर्ण दाब लोबच्या नाकावर येतो. मध्येच पाणी गळू लागले तर इंजिन बंद करावे, गळती काढावी आणि उरलेली मिनिटे पुरी करावीत.

त्यानंतर तेल व फिल्टर बदलावा, जुने तेल पांढऱ्या कापडावर ओतून त्यात लोखंडी कीस चमकतो का ते पाहावे, आणि 500 किलोमीटरनंतर थंड इंजिनावर टॅपेट पुन्हा सेट करावेत. एखादाच टॅपेट इतरांपेक्षा स्पष्टपणे सैल झालेला आढळला तर तो लोब झिजू लागला आहे असे समजून झाकण पुन्हा उघडावे. सगळे सारखे निघाले तर पेट्या भरून घाटात जावे आणि आधीच्याच वहीत, त्याच वळणांवर, त्याच गिअरमध्ये आरपीएमचे नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहावेत.